बाळ-बाळंतीण सुखरूप

श्रावणातल्या एका दुपारी माझ्या बहिणीची लेक माझ्यापुढे येऊन बसली. सातवा महिना लागला म्हणून ती माहेरी आली होती, आणि माहेरी आली की दोन दिवस मावशीकडे राहायचे हा तिचा लहानपणापासूनचा शिरस्ता. मी ज्वारी निवडत होते. तीही सुपातले मूठभर दाणे पुढे ओढून खडे वेचू लागली. बराच वेळ काही बोलली नाही. मग मान वर न करताच तिने विचारले, "मावशी, दवाखान्यात लई त्रास देतात का गं?"

'त्रास होतो का' असे तिने विचारले नाही, 'त्रास देतात का' असे विचारले. कळांचा त्रास व्हायचाच, हे खेड्यात वाढलेल्या पोरीला सांगावे लागत नाही. तिला भय वाटत होते ते माणसांचे.

"न्हाई गं, तसं काही नसतं," मी म्हणाले, आणि सूप घेऊन आत गेले. आत जाऊन मी काय केले? काही नाही. रांजणाला टेकून उभी राहिले. मी पोरीशी खोटे बोलले होते, आणि हे खोटे गेली वीस वर्षे मी प्रत्येक गरोदर बाईशी बोलत आले आहे, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले.

दिवाळीच्या दिवसांत, फराळाचे ताट पुढे असताना हा कसला विषय काढला, असे कोणी म्हणेल. पण हा अंक ज्या घरात वाचला जाईल त्या घरात एक तरी आई असेलच. तिच्या बाळंतपणाची गोष्ट त्या घरात शंभरदा सांगितली गेली असेल. किती वाजता झाले, वजन किती भरले, पाऊस कसा कोसळत होता, पेढे कोणी आणले. त्या गोष्टीत एक भाग नेहमी गाळलेला असतो. त्या भागाविषयी मला लिहायचे आहे. मी काही डॉक्टर नव्हे की वकीलही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, लहान मुलांना अक्षरे गिरवायला लावणारी आणि रात्री उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी एक बाई आहे. तेव्हा माझे म्हणणे वाचकांनी एका बाईचे म्हणणे म्हणूनच ऐकावे.

प्रथम एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे. जुने ते सोने म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझ्या आजीचे पहिले बाळंतपण निजामाच्या राज्यात, रझाकारांच्या धामधुमीत, शेतातल्या एका खोपटात झाले. तिला एकंदर नऊ मुले झाली आणि त्यांतली पाच वाढली. उरलेल्या चौघांविषयी ती कधी रडल्याचे मी पाहिले नाही. "देवीची होती, देवीनं नेली," एवढेच ती म्हणे. नऊच्या नऊ बाळंतपणे गावच्या सुईणीने केली. ज्या बाईच्या हातचे पाणी आजी पीत नसे, तिच्या हाती तिने नऊ वेळा आपला जीव दिला, आणि दहाव्या दिवशी घर सारवून तिला पुन्हा उंबऱ्याबाहेर बसवले. हा आपल्या जुन्या काळाचा न्याय. त्याचे गोडवे मी गाणार नाही.

तरी आजीची एक आठवण माझ्या मनात रुतून बसली आहे. ती म्हणे, "सुईण लई गुणाची. हात लावायच्या आदी सांगायची. आता हात लावते गं बाई, आता जरा दुकंल, आता दम धर." त्या सुईणीला नाळ कशाने कापावी हे कळत नव्हते. गंजक्या विळ्याने ती नाळ कापी, आणि त्या चौघांतले कोणी धनुर्वाताने गेले असेल तर नवल नाही. पण हात लावण्याआधी सांगावे, हे तिला कोणी न शिकवता कळत होते.

घरी होणाऱ्या बाळंतपणाची किंमत महाराष्ट्राने किती मोजली, त्याची साक्ष आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रातच आहे. १८६५ साली कल्याणला जन्मलेल्या या मुलीला चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते अवघ्या दहा दिवसांत गेले. वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते जगले असते, ही टोचणी घेऊन ती शिकली. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे, बंगालमध्ये, तिने जाहीर सभेत सांगितले की या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे. पुरुष डॉक्टरांपुढे बायका आपले दुखणे उघड करीत नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते. १८८६ साली तिने फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. तिच्या प्रबंधाचा विषयच प्रसूतिशास्त्र हा होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, ती क्षयाने गेली. आनंदीबाईला बायकांसाठी औषध तर हवे होतेच, पण जिच्याजवळ बाई संकोच सोडून बोलू शकेल असे माणूसही हवे होते. या दोन मागण्यांपैकी पहिली आपण पुष्कळशी पुरी केली. दुसरीचे काय झाले?

पहिली पुरी केली हे खरेच आहे. सरकारी मोजदादीप्रमाणे २००१ ते २००३ या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ३३ वर आला. २००५-०६ साली देशात शंभरातल्या ३९ प्रसूती दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत त्या ८९ झाल्या. या आकड्यांमागे कोणाच्या आया, कोणाच्या लेकी आहेत. माझे नावही त्यातच कुठेतरी आहे. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते दवाखान्याच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये.

२००४ साली माझे बाळंतपण एका मोठ्या गावच्या दवाखान्यात झाले. नाव सांगण्यात अर्थ नाही. ते आता आहे तसे राहिलेही नसेल. मध्यरात्री मला आत नेले. आईला दाराशीच थांबवले. "आत गर्दी नको," असे कोणी म्हणाले. आत एका टेबलावर मी आणि दुसऱ्या टेबलावर एक अनोळखी बाई. मधे पडदा नव्हता. दार सारखे उघडे-मिटे होत होते आणि बाहेरच्या बाकावरचे पुरुष दिसत होते. मला सलाईन लावले. त्यात कसलेसे इंजेक्शन सोडले आणि कळा एकाएकी अशा वाढल्या की दोन कळांमध्ये श्वास घ्यायलाही उसंत मिळेना. ते इंजेक्शन कळा वाढवण्याचे होते, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळले. मी ओरडले तेव्हा एक बाई मला जे बोलली ते मी येथे लिहीत नाही. ज्या बायकांनी ते वाक्य ऐकले आहे त्यांना ते ठाऊकच आहे, आणि ज्यांनी ऐकले नाही त्यांनी ते न ऐकलेलेच बरे.

मग कोणीतरी दोन्ही हातांनी, सारा भार टाकून माझे पोट खाली दाबले. मला वाटले, बरगडी मोडली. कोणीतरी चीर दिली. देणार आहोत असे सांगितले नाही. टाके घालताना ती जागा पुरती बधिर झाली नव्हती. मी हात जोडले तर "हलू नको" एवढेच उत्तर मिळाले. बाहेर माझ्या यजमानांनी एका कागदावर सही केली होती. त्यावर काय लिहिले होते ते त्यांनी वाचले नाही आणि मला कोणी दाखवले नाही.

बाळ रडले नाही. हे मला सांगायलाच हवे. ते निळे पडले होते, आणि ज्या डॉक्टरांनी मला एकदाही माझ्या नावाने हाक मारली नाही, त्याच डॉक्टरांनी त्याला पालथे घेतले, त्याचे तोंड साफ केले, त्याला नळीने हवा दिली आणि चार-पाच मिनिटांनी ते रडले. आजीच्या खोपटात ते वाचले नसते. माझा मुलगा आज वीस वर्षांचा झाला, पुण्याला शिकतो. त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला मी त्या डॉक्टरांना मनोमन नमस्कार करते.

पहाटे डॉक्टर बाहेर गेले आणि म्हणाले, "बाळ-बाळंतीण सुखरूप." बाहेर पेढ्यांची धावपळ सुरू झाली. मी आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाळाला पाजायला दिले तेव्हा माझे हात थरथरत होते. पुढे कित्येक महिने दार अचानक उघडले की मी दचकत असे. सासूबाई म्हणत, "आगं, लेकरू धडधाकट हाय, तू धडधाकट हाईस, मग डोळ्याला पाणी कशाचं? नजर लागंल." मलाही वाटे, आपण कृतघ्न आहोत. दुसऱ्या मुलाचा विषय मी कधी निघू दिला नाही. लोक समजले, शिक्षिकेचा पगार तो केवढा, म्हणून एकावर थांबली. मी त्यांना तसे समजू दिले.

आता प्रश्न हा की 'सुखरूप' या शब्दाचा अर्थ काय? दोन्ही जीव वाचले एवढाच जर असेल तर डॉक्टर खरे बोलले. पण हा शब्द आपण एरवी कसा वापरतो? पाहुणा सुखरूप पोचला असे आपण म्हणतो. वाटेत त्याला कोणी मारले, लुटले, पण तो जिवंत घरी आला, तर 'सुखरूप पोचला' असे आपण म्हणू का? फार तर 'जिवानिशी सुटला' म्हणू. बाळंतिणीच्या बाबतीत मात्र 'जिवानिशी सुटली' आणि 'सुखरूप आहे' यांत आपण फरक ठेवलेला नाही. आणि तो ठेवलेला नाही म्हणूनच, वाटेत काय झाले हे तिला कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, ज्याने तुझ्या मुलाचा जीव वाचवला त्याच्याविषयी तक्रार करणे तुला शोभते का? या प्रश्नाने मला वीस वर्षे गप्प बसवले. आता मला वाटते की यात हिशेबाची एक चूक आहे. उपकार आणि अन्याय हे एकाच वहीतले जमा-खर्च नव्हेत की एकाने दुसरा वजा व्हावा. बुडत्याला वर काढणाऱ्याचे पाय मी धरीन. पण काठावर आल्यावर त्याने माझ्या थोबाडीत मारली, तर ती थोबाडीत बुडण्यापासून वाचवण्याचा भाग होती असे मी का मानावे? माझ्या मुलाला नळीने हवा दिली म्हणून तो वाचला. मला टोचून बोलल्यामुळे, पडदा न लावल्यामुळे किंवा चीर देण्याआधी न सांगितल्यामुळे तो वाचला नाही. ही दोन कामे एकाच रात्री एकाच खोलीत झाली एवढाच त्यांचा संबंध. ती एकमेकांत गुंतलेली आहेत असे आपण समजतो आणि बायकाही तसेच समजतात. म्हणून कृतज्ञ बाई तक्रार करीत नाही, आणि तक्रार करणारी कृतघ्न ठरते.

बाई बोलली तर ऐकणाऱ्याचा फायदाच होतो, याला इतिहासात मोठा दाखला आहे. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात शंभरातल्या सुमारे दहा बायका बाळंतज्वराने मरत. दुसऱ्यात सुमारे चार. गावातल्या बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत. विद्वान त्याला बायकांची भीती समजत. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या एका तरुण डॉक्टरने ती भीती खरी मानून कारण शोधले. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येत होते. १८४७ च्या एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरात अठरा बायका मेल्या. मे महिन्यात त्याने सर्वांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि जूनमध्ये हे प्रमाण शंभरात दोनवर आले. आणि त्याच्या बरोबरीच्या मंडळींनी काय केले? पुष्कळांना राग आला. सभ्य डॉक्टरांचे हात घाण असतील ही कल्पनाच त्यांना अपमानाची वाटली. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात मेला; ज्या वर्षी आपली आनंदीबाई जन्मली, त्याच वर्षी.

पुढे शंभर वर्षांनी, १९५७ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या एका लोकप्रिय स्त्री-मासिकात एका परिचारिकेचे लहानसे पत्र छापून आले. प्रसूतिगृहात बायकांना कसे बांधून ठेवतात, कसे बोलतात, याची चौकशी व्हावी असे तिने लिहिले होते. त्यावर आयांची इतकी पत्रे आली की १९५८ च्या मे महिन्यात मासिकाला त्यांवर मोठा लेख छापावा लागला. घरोघरी वाचले जाणारे, पाककृती आणि शिवणकाम छापणारे ते मासिक. हजारो बायकांना प्रथमच कळले की आपल्यावर जे गुदरले ते केवळ आपल्यावर नव्हे. या दिवाळी अंकात हा विषय आणण्याचे धैर्य मला त्या पत्राने दिले, हे मी कबूल करते.

आपल्या देशातही न्याय या वाटेने चालत आला आहे. दिल्लीत १९९५ साली एका चव्वेचाळीस वर्षांच्या स्त्रीला तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचे गर्भाशय काढून टाकले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. डॉक्टरांनी हे तिच्या भल्यासाठी, चांगल्या हेतूने केले, हे न्यायालयाने मानले. तरीही ते चूकच, असे सांगितले. जीव जाण्याची वेळ आली नव्हती, आणि सज्ञान बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. तिच्या वतीने आईलाही संमती देता येत नाही. हा निकाल मी वाचला तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून माझ्या यजमानांनी केलेली सही मला आठवली.

२०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने सरकारी प्रसूतिकक्षांसाठी 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात पडदा हवा, सन्मानाची वागणूक हवी, आणि बाईच्या मनातले एक माणूस तिच्यापाशी असू द्यावे, हे आले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीविषयी ज्या ५६ शिफारशी केल्या त्यांत सरसकट चीर देऊ नये आणि पोट दाबून मूल बाहेर ढकलू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ज्या गोष्टी मला माझ्या मुलाच्या जिवाची किंमत म्हणून सोसायला लावल्या, त्यांतल्या काहींची गरजच नसावी.

येथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. माझी एक मैत्रीण तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका आहे. तिला हे सारे वाचून दाखवले. ती रागावली नाही. म्हणाली, "बाई, रात्रपाळीला मी एकटी. चार बाया कळा देतात, पाचवी अँब्युलन्समधून उतरते. तिच्याबरोबरचे लोक मला शिव्या घालतात. आणि एखादी दगावली तर पहिला दगड माझ्यावर. मी गोड बोलू कधी?" यावर माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. जिला स्वतःलाच कोणी माणसासारखे वागवत नाही, तिच्याकडून माणुसकीची मागणी करणे सोपे असते. एका खोलीतल्या दोन दमलेल्या बायकांपैकी एकीला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटायचा नाही. पण तिनेच थोड्या वेळाने आपण होऊन सांगितले, "तसं 'आता टोचते हं' म्हणायला काय वेळ लागतो? लागत नाही. सवय नाही, एवढंच."

आणीबाणीचेही तेच. रक्त वाहत असेल तर डॉक्टरांनी चर्चा करीत बसावे असे कोणती आई म्हणेल? पण प्रत्येक बाळंतपण आणीबाणीचे नसते. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत सरकारी दवाखान्यांत शंभरात चौदा बाळंतपणे सिझरने झाली आणि खाजगी दवाखान्यांत सत्तेचाळीस. अवघड केसेस खाजगीत जातात हे धरले तरी इतक्या फरकाचे सारे कारण बायकांच्या पोटात असेल असे मला वाटत नाही. आणि न विचारण्याची सवय कोठवर जाते हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवले आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांविषयी ओरड झाली तेव्हा राज्य सरकारने २०१९ साली समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आमच्या कळंब-भूमकडच्या टोळ्याही दसरा झाला की त्याच वाटेने कारखान्यांकडे निघतात. त्या बायकांनाही "तुझ्या भल्यासाठीच" असेच सांगितले गेले असेल.

"तुझ्या भल्यासाठीच." हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला, कारण हे माझेही वाक्य आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यभर शाळांमधून गोवर-रुबेलाची लस टोचली गेली. आमच्या शाळेतही टोचणाऱ्या ताई आल्या. मुले भितील, पळतील, म्हणून मी वर्गात सांगितले, "चला, बाहेर बिस्किटे वाटणार आहेत." रांग छान लागली. एका सहा वर्षांच्या मुलीचे डोळे मी माझ्या हाताने झाकले, दंड घट्ट धरला, आणि सुई टोचली गेली. लस चांगली होती, टोचायलाच हवी होती. पण ती पोर रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी सांगितलं का न्हाई?" पुढे आठ दिवस ती माझ्या टेबलापाशी वही दाखवायला आली नाही.

मी तिच्या जागी कधीकाळी होते. आणि आज मी दंड धरणाऱ्याच्या जागी होते. आपण दुसऱ्याचे भले करतो आहोत अशी खात्री झाली की मग समोरच्याला विचारण्याची, निदान सांगण्याची गरज आपल्याला वाटेनाशी होते. डॉक्टर, शिक्षक, आईबाप, आपण सारेच या रोगाचे रोगी. वाईट हेतूने वागणारा निदान मनात चाचरतो; चांगल्या हेतूने वागणारा चाचरत नाही. म्हणून चांगल्या हेतूला सांगण्या-विचारण्याचा लगाम अधिक हवा. मुलांना पुढल्या वेळी मी खरे सांगितले. दोघे-तिघे रडले, एक पळून शाळेमागे जाऊन बसला. त्याला समजावण्यात पाच मिनिटे गेली. तेवढीच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीला हाक मारली आणि पुन्हा सूप पुढे ओढले. काल मी खोटे बोलले असे तिला सांगितले. मग माझ्या त्या रात्रीची गोष्ट तिला सांगितली. पोट दाबल्याची, चिरेची, त्या वाक्याची, आणि निळ्या पडलेल्या बाळाला रडवणाऱ्या हातांचीही. यातली कोणतीच गोष्ट गाळली नाही. तिच्या आईने, माझ्या बहिणीनेही, ती पहिल्यांदाच ऐकली. "इतकी वर्सं बोलली न्हाईस," एवढेच ती म्हणाली, आणि मग खाली बघून म्हणाली, "माझं बी तसंच झालं हुतं."

पोर घाबरेल असे मला वाटले होते. ती घाबरली नाही. तिने विचारले, "मग मी काय करू?" मी म्हटले, दवाखान्यातच जायचे, यात दुसरा विचार नाही. पण आधी एकदा जाऊन ती खोली बघून यायची. कोण तपासते त्यांना विचारायचे, काय करणार, का करणार. कागदावर सही करायची ती तू करायची, वाचून. तुझ्या मनातले एक माणूस आत हवे असे आधीच सांगून ठेवायचे. आमच्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला, हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या साध्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केले. आता गावोगावी आशाताई गरोदर बाईला दवाखान्यात घेऊन जातात. शिकलेल्या डॉक्टरांच्या विद्येशेजारी एक ओळखीचा हात उभा राहू शकतो, हे काही आकाशातले बोलणे नाही. "कोण येणार माझ्यासंगं आत?" तिने विचारले. मग स्वतःच म्हणाली, "मावशी, तूच ये."

मी हो म्हणाले. खरे सांगायचे तर त्या खोलीचा दरवाजा पुन्हा ओलांडण्याचे धैर्य माझ्यात आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. पण हो म्हणाले आहे.

कार्तिकात तिचे दिवस भरतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कदाचित आम्ही दवाखान्याच्या बाकावर असू, कदाचित घरी बारशाची तयारी चालली असेल. तुमच्याही घरी, शेजारी, नात्यात या दिवसांत कोणी ना कोणी बाळंतीण असेल. तुम्ही फराळाचा डबा घेऊन तिला भेटायला जाल. बाळाचे नाक कोणावर गेले ते बघाल, हातावर पैसे ठेवाल. ते सारे झाले की क्षणभर तिच्याजवळ बसा, आणि इतर मंडळी बाहेर गेल्यावर तिला विचारा, "तुला कसं वागवलं गं तिथं?"

ती "चांगलं वागवलं" म्हणाली तर आनंदच आहे. आणि ती काही न बोलता भिंतीकडे बघू लागली, तर उठून जाऊ नका.